पुराच्या बोटीची वायरिंग दरवर्षी का मरते? जॉइंट कसे करायचे ते सांगा

काठावरचा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव पंचगंगेकाठी, प्रयाग चिखलीच्या खालच्या अंगाला. २०१९ च्या पुरात आम्ही गुऱ्हाळाच्या काहिलीत माणसं बसवून पलीकडं काढली. पाणी ओसरल्यावर वर्गणी गोळा केली आणि मंडळानं १८ फुटी फायबरची बोट घेतली. मागं पेट्रोलचं इंजिन, १२ व्होल्टची बॅटरी, नाकावर १०० वॅटचा हॅलोजन सर्चलाइट, तळात पाणी उपसायचा पंप, त्याला फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा), एक भोंगा आणि मोबाईल चार्ज करायचं सॉकेट. एवढाच संसार.

बोट वर्षातले दहा-अकरा महिने शेडमध्ये पालथ्या चपलीसारखी पडून असते. मे महिन्यात बाहेर काढली की काहीतरी बंद असतंच. एका वर्षी भोंगा, एका वर्षी पंप. गावातला वायरमन येतो, पिळा मारतो, टेप गुंडाळतो, 'झालं बघा' म्हणतो. आणि होतंही. महिनाभर.

२०२१ च्या जुलैत रात्री साडेदहाला एका म्हाताऱ्या काकांना आणायला गेलो होतो. खाली बुडालेला ऊस, मध्ये विहीर कुठं आहे ते फक्त पाठ म्हणून ठाऊक, आणि विजेचे खांब निम्मे पाण्यात. लाइन बंद केली होती, पण तारा डोक्याच्या उंचीवर आलेल्या. आणि नेमका तिथंच सर्चलाइट गेला. हलवला की पेटायचा, सोडला की जायचा. शेवटी एकानं नाकावर पालथं पडून वायर हातात दाबून धरली, दुसऱ्यानं मोबाईलचा टॉर्च. तसंच परत आलो.

नंतर सीट उचलून बघितलं. टेप सोडवली तर आत हिरवी पावडर. तांबं म्हणून काही उरलंच नव्हतं.

यंदा सगळी वायरिंग नव्यानं करायची ठरवलंय. जॉइंटला कथलाचा डाग द्यायचा का थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) मारायचं? वायर कुठली घ्यायची? बोटीतलं काम केलेलं कुणी इथं आहे का?

रंकाळा_कट्टा

काहिलीला वायरिंग नव्हती, म्हणून ती कधी बंद पडली नाही. मंडळानं विचार करावा.

तीस_वर्षं_डायनामो

उद्यमनगरात तीस वर्षं ट्रक-ट्रॅक्टरची वायरिंग करतोय. उगाच डोकं खाऊ नका. वायर सोलायची, पिळा मारायचा, कथलाचा डाग द्यायचा, वर टेप. कथील आत शिरलं की पाणी शिरत नाही. तुमच्या वायरमननं डाग दिलाच नव्हता, म्हणून हिरवं झालं. थिंबल मारलेले शंभर जॉइंट मी निसटलेले बघितलेत.

देवगडची_खाडी

काठावरचा दादा, माझं माहेर कोल्हापूर, सासर देवगड. घरच्यांच्या दोन ट्रॉलर आहेत आणि त्यांच्या वायरिंगचं काम सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. डायनामो आण्णांचा अनुभव मोठा आहे, पण डागाच्या बाबतीत मी उलटं सांगणार आहे.

कथील वितळलं की ते जॉइंटपाशी थांबत नाही. तारांच्या मधल्या फटींतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं, इन्सुलेशनच्या आतही. म्हणजे तेवढी वायर सळईसारखी ताठ होते आणि पुढची मऊच राहते. बोट कायम थरथरते, इंजिनमुळं आणि लाटांमुळं. ती सगळी वाक त्या एका रेषेवर येते, ताठ संपून मऊ सुरू होतं तिथं. काही महिन्यांनी एक एक तार तुटत जाते. वरून काही दिसत नाही, कारण इन्सुलेशन शाबूत असतं. अमेरिकेतल्या बोटींच्या मानकात तर सरळ लिहिलंय की जोड फक्त कथलाच्या भरवशावर ठेवायचा नाही, तो आधी यांत्रिकपणे पक्का हवा.

दुसरं, जॉइंट ढिला झाला की तापतो. डागाचं साधं कथील (शिसं मिसळलेलं) १८३ अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं. मग आणखी ढिला, आणखी गरम.

आणि टेपबद्दल: बोटीत टेप म्हणजे पाण्याची पिशवी. उन्हात गोंद पातळ होतो, कडा उघडतात, पाणी आत जातं आणि मग बाहेर येत नाही. उघडी तार निदान वाळते तरी.

तीस_वर्षं_डायनामो

ताई, ताठ-मऊच्या रेषेवर तुटतं हे मान्य. ट्रकच्या मागच्या लाइटची वायर बरोबर डागाच्या शेजारीच तुटते, हे मी रोज बघतो. तिला मी क्लिप मारून बांधतो म्हणजे हलत नाही. पण एक सांगा, गावातला पोरगा पक्कड घेऊन थिंबल चेपणार, ते माझ्या डागापेक्षा बरं कसं?

पॅनेलवाली

आण्णा, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पक्कडीनं चेपलेलं थिंबल चांगल्या डागापेक्षा वाईटच. मी गोकुळ शिरगावला कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगवर आहे, दिवसाला काही शे थिंबलं हातातून जातात. निसटलेली थिंबलं बघायची तर निम्मी पक्कडीची असतात आणि निम्मी चुकीच्या मापाची.

रॅचेटवालं क्रिंपिंग टूल, म्हणजे थिंबल चेपायचं हत्यार, घ्या. त्याची गंमत अशी की पूर्ण दाब बसल्याशिवाय ते उघडतच नाही. हात दमला म्हणून अर्धवट सोडता येत नाही. थिंबलाच्या रंगाला माप ठरलेलं आहे: लाल ०.५ ते १.५ स्क्वेअर एमएम, निळं १.५ ते २.५, पिवळं ४ ते ६. टूलच्या जबड्यावरही तेच रंगाचे ठिपके असतात. निळं थिंबल पिवळ्या खाचेत दाबलं तर दिसायला झकास आणि आतून पोकळ.

कृती सांगते. वायर सोलताना एकही बारीक तार कापली जाता कामा नये. नखानं मोजायची सवय लावा. दोन तारा तुटल्या तर तो तुकडा कापून पुन्हा सोला. तारांचा मूळचा हलका पीळ असतो तेवढाच ठेवायचा, दोरीसारखं पिळायचं नाही. थिंबलात सारल्यावर पलीकडून तारांची टोकं जेमतेम एक मिलिमीटर डोकावली पाहिजेत आणि अलीकडं इन्सुलेशन नळीला टेकलं पाहिजे. मग टूल कट-कट वाजत बंद होईपर्यंत दाबा. आणि मग ओढा. लाजत ओढू नका, तार निसटायची असेल तर ती शेडमध्येच निसटू दे.

नवीन टूल आणलं की मी एक उद्योग करते. एक थिंबल मारायचं आणि हॅक्सॉ ब्लेडनं मधोमध आडवं कापायचं. कापलेलं तोंड पॉलिश पेपरवर घासायचं आणि भिंगातून बघायचं. दाब बरोबर असेल तर गोल तारा राहतच नाहीत, मधाच्या पोळ्यासारखे एकमेकीला चिकटलेले कोनाकोनाचे ठिपके दिसतात, मध्ये फट नाही. तिथं हवा नाही म्हणजे पाण्यालाही जागा नाही. पक्कडीनं दाबलेलं कापून बघा, तारांच्या मध्ये काळ्या फटी दिसतील. आण्णा, तुमच्या दुकानात हे करून बघाच.

ओहमचा_भाऊ

मी थोडं गणित करतो, कारण काठावरच्या भावाच्या सर्चलाइटची अर्धी गोष्ट जॉइंटची आहे आणि अर्धी वायरच्या जाडीची.

बॅटरी मागं, लाइट पुढं. अंतर ५ मीटर धरू. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून वायर १० मीटर मोजायची, इथंच पहिली चूक होते. १०० वॅटला साधारण ८ अँपिअर. तांब्याची १ स्क्वेअरची वायर असेल तर १० मीटरचा रोध सुमारे ०.१७५ ओहम, म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच गेले. घरात २३० मधून १.४ गेले तर कुणाला कळतही नाही. १२ मधून गेले की तो जवळजवळ १२ टक्के झाला. आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात पडत नाही, कोसळतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो.

बोटीत महत्त्वाच्या गोष्टींना ३ टक्क्यांपेक्षा जास्त घट नको असा दंडक आहे. २.५ स्क्वेअरनं ०.५६ व्होल्ट जातात, तरी जास्तच. ४ स्क्वेअर टाकली की ०.३५, म्हणजे ३ टक्क्यांच्या आत. बिनमहत्त्वाच्या वस्तूंना १० टक्के चालतात, मोबाईल चार्जिंगला कशाला जाड वायर.

आता जॉइंट. हिरव्या झालेल्या पिळ्याचा रोध समजा ०.२ ओहम. ८ अँपिअरला १.६ व्होल्ट तिथंच, आणि जवळजवळ १३ वॅट उष्णता. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी उष्णता तुमच्या सीटखाली, टेपच्या आत, पेट्रोलच्या टाकीशेजारी.

काठावरचा

हे शेवटचं वाक्य वाचून मी शेडमध्ये जाऊन बॅटरी सोडवून आलो.

४ स्क्वेअरची घरात वापरायची वायर चालेल का? आणि देवगडच्या ताई, तिकडं वायर कुठली वापरतात?

देवगडची_खाडी

कल्हई केलेली. खरंच कल्हई, आपल्या आजीच्या पितळेच्या पातेल्याला असायची तसलीच. तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा पातळ थर. नुसत्या तांब्याच्या वायरीत ओल एका टोकातून शिरली की तारांमधून आत चढत जाते. तुम्ही टोक कापून सोला, तांबं काळं. हातभर आणखी कापा, तरी काळं. त्या काळ्या तारेवर थिंबल मारलं तरी उपयोग नाही, आणि डाग तर धरतच नाही.

बोटीची म्हणून विकतात ती वायर कोल्हापुरात सहज नाही मिळणार. पण सोलरवाल्यांकडं जा. छपरावरच्या सोलर पॅनेलला जी डीसी केबल लावतात ती कल्हईवालीच असते, तारा बारीक आणि मऊ, आणि ४ स्क्वेअरमध्ये सर्रास मिळते. लाल एक, काळी एक. घेण्याआधी दुकानातच टोक सोलून बघा: तार चांदीसारखी दिसली पाहिजे, तांबडी नाही. फक्त तिचं वरचं आवरण जाड असतं, त्यामुळं इन्सुलेशन असलेल्या थिंबलात ती बहुधा बसत नाही. उघडं थिंबल घ्या, त्याला त्याच्या मापाच्या खाचेत दाबा आणि वरून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, आतून गोंद असलेली.

साधी स्लीव्ह आणि गोंदवाली यात फरक करा. गोंदवाली गरम केली की दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक मणी बाहेर येतो. तो दिसला की पाण्याची वाट बंद झाली. दिसला नाही तर स्लीव्ह मोठी घेतली आहे.

रंकाळा_कट्टा

गंमत सोडून विचारतो. समुद्राचं पाणी खारं, तिथं हे सगळं ठीक. आमचं पंचगंगेचं पाणी गोडं. एवढा खर्च कशाला?

ओहमचा_भाऊ

पुराचं पाणी गोडं कुठलं भावा. शेतातली खतं, गटार, गाद, सगळं त्यात. गाद जॉइंटवर बसली की ती ओल धरून ठेवते, पाणी ओसरल्यावरही कित्येक दिवस. खाऱ्या पाण्याइतकं लवकर होत नाही, पण तुमची बोट पुढं अकरा महिने तशीच बंद शेडमध्ये असते.

काठावरचा

रविवारी सगळं उघडलं. अहवाल देतो.

सर्चलाइटच्या वायरीत पाच ठिकाणी पिळे. पाच! दरवर्षीचा एक. काळं तांबं हातभर नाही, दीड हात. पण खरं कोडं पंपाचं. फ्लोटच्या दोन्ही वायरींचे जॉइंट तळातच, पाण्यात बुडणाऱ्या जागी. काळ्या वायरीचा जॉइंट मळका पण धड. लाल वायरीचा जॉइंट टेपच्या आत पूर्ण गायब, नुसती हिरवी लापशी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसानं केलेले. असं कसं?

देवगडची_खाडी

फ्लोटची लाल वायर थेट बॅटरीवर असते ना, मेन स्विच बंद केला तरी चालू राहणारी? असायलाच हवी, नाहीतर बोट बांधून ठेवल्यावर पंप सुरूच होणार नाही. म्हणजे तिच्यावर रात्रंदिवस १२ व्होल्ट. जॉइंट ओला झाला की पाण्यातून थोडा करंट वाहत राहतो, आणि अशा वेळी प्लस बाजूचं तांबं विरघळून जातं. मायनसचं वाचतं. शाळेतला इलेक्ट्रोप्लेटिंगचा प्रयोग आठवा, तोच तुमच्या तळात चालू होता. आमच्याकडं ही वायर आठवड्यात संपलेली बघितली आहे.

उपाय एकच. तळात जॉइंट करायचाच नाही. पंपाची आणि फ्लोटची वायर न तोडता वर आणा, सीटच्या उंचीपर्यंत, आणि जोड तिथं करा. जोडाकडं जाताना वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून घरंगळणारा थेंब झोलाच्या तळातून टपकतो, जॉइंटपर्यंत चढत नाही. बोट अ‍ॅल्युमिनियमची असती तर आणखी सांगितलं असतं; मायनस बोटीच्या पत्र्याला जोडायची ट्रकवाली सवय तिथं बोटच खाते.

तीस_वर्षं_डायनामो

हे मात्र मला नवीन. ट्रकमध्ये चासीच मायनस.

पोरा, फ्यूज कुठं आहे तुझ्याकडं?

काठावरचा

आण्णा, फ्यूज लाइटच्या शेजारी, पुढं.

तीस_वर्षं_डायनामो

मग तो फ्यूज लाइटला वाचवतोय, बोटीला नाही. वायर मध्ये कुठं घासून शॉर्ट झाली तर फ्यूजपर्यंत करंट पोचायच्या आधीच ती लाल होणार. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात पाहिजे. आणि फ्लोटच्या त्या थेट वायरीलाही वेगळा फ्यूज, पंपावर लिहिलेल्या मापाचा. लोक नेमकं तिथंच विसरतात.

पॅनेलवाली

आण्णा बरोबर. एक भर माझी. बॅटरीच्या नटाखाली सहा-सात थिंबलं कोंबू नका. एका बोल्टवर चारपेक्षा जास्त नकोत, मोठं खाली, लहान वर. त्यापेक्षा एक जाड वायर पितळी किंवा कल्हईच्या तांब्याच्या बसबारवर (बऱ्याच वायरी जोडायच्या पट्टीवर) न्या आणि बाकीच्या तिथून काढा. थिंबल बसबारला थेट टेकलं पाहिजे. वॉशर त्याच्या वर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. स्टीलचा वॉशर थिंबलाच्या खाली घालून लोक करंटला स्टीलमधून जायला लावतात, मग म्हणतात बोल्ट तापतोय. गोल डोळ्याची थिंबलं घ्या, काट्याची नकोत. नट जरा ढिला झाला की काटा निसटतो, गोल लटकून तरी राहतं. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. आधी नाही, नंतर.

काठावरचा

मंडळी, झालं एकदाचं. तीन रविवार गेले.

आण्णा स्वतः शेडवर आले. येताना त्यांनी पक्कडीनं मारलेलं एक आणि रॅचेटनं मारलेलं एक अशी दोन थिंबलं कापून, घासून खिशात आणली होती. काही बोलले नाहीत, माझ्या तळहातावर ठेवली आणि भिंग दिलं. पॅनेलवाली ताई, पक्कडीच्या थिंबलात खरंच एवढी फट की त्यातून मुंगी जावी. तरी लाइटच्या मागं वायर क्लिपनं बांधलीच पाहिजे हा हट्ट त्यांनी सोडला नाही, दर वीतभर अंतरावर एक क्लिप. बांधल्यावर वायर खरंच हलत नाही.

सोलरची केबल टाकली. टोक सोलून चांदी दिसेपर्यंत दुकानदार वैतागला. पुढपर्यंत एकच तुकडा, मध्ये एकही जोड नाही. संध्याकाळी घाटावर बोट उतरवली, लाइट पेटवून मीटर लावला: बॅटरीवर १२.५, लाइटपाशी १२.१. जुन्या वायरीवर याच ठिकाणी १०.३ आलं होतं. पलीकडच्या काठावरचं जांभळीचं झाड पानापानानं दिसलं. आता एलईडी लावून करंट आणखी कमी करायचं मनात आहे, पण वर्गणीचं बघू.

एक चूक मात्र केली. फ्लोटची वायर वर आणली खरी, पण पंपाची मूळची वायरच आखूड निघाली. जोड सीटच्या उंचीवर आलाच नाही, गुडघ्याच्या खालीच राहिला. बादलीनं तळात पाणी ओतून बघितलं, पंप चालू व्हायच्या आधीच पाणी जोडापासून दोन बोटांवर. तिथं दोन गोंदवाल्या स्लीव्ह एकावर एक चढवल्या आहेत. पंप बदलू तेव्हा लांब वायरीचा घेऊ.

पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात सुटी थिंबलं, स्लीव्ह, चार फ्यूज, लायटर आणि रॅचेट टूल ठेवून तो डबा सीटखाली बांधलाय. टेप ठेवलेली नाही, मुद्दाम.

रंकाळा_कट्टा

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. तुम्ही बोट कितीला काढता? आणि तोवर बॅटरी कुठं ठेवता, बोटीत?

काठावरचा

३५ लाच काढून ठेवतो, शेवटचे चार फूट एका रात्रीत येतात. बॅटरी बोटीत नाही, घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करतो. देवघराशेजारच्या खोलीत ठेवली होती. ओहमच्या भावानं सांगितलं की चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि आईची समई तिथंच. आता गोठ्याच्या पडवीत आहे, म्हशीची काही हरकत नाही.